पाढे पाठ झाले, पण गणित समजले का?

मागच्या जयंतीच्या तयारीतली गोष्ट. डिंगोऱ्यात कार्यक्रमासाठी आम्ही खुर्च्या मांडत होतो. आठ-आठ खुर्च्यांच्या सात रांगा झाल्या. शेजारी दहा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिला विचारले, "किती झाल्या गं?" ही मुलगी तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणते. तरीही ती पहिल्या खुर्चीपासून एक, दोन, तीन अशी मोजत गेली आणि छप्पन्नवर थांबली. मग आम्ही विचारले, "आठ सत्ते?" ती लगेच म्हणाली, "छप्पन्न." म्हटली आणि स्वतःच दचकली. आत्ता मोजलेले छप्पन्न आणि रोज म्हटलेले छप्पन्न एकच आहेत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

ही मुलगी सध्या शाळेत जात नाही. कुटुंब कल्याणहून गावी परतले, त्या गडबडीत तिचे वर्ष गेले. नंतर लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटू लागली. बारावी शिकलेली आई घरीच शिकवते. दिवसभर मजुरी करून संध्याकाळी पाटी घेऊन बसणे सोपे नाही. त्या आईने आम्हाला एकच प्रश्न विचारला होता, "दादा, सगळं पाठ आहे तिचं. मग उदाहरण का येत नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते येथे मांडत आहोत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुलांना शाळेपासून दूर ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. कायद्याच्या कलम ४ नुसार शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही हक्क आहे. आमचीही धडपड या मुलीला पुन्हा शाळेत नेण्यासाठीच आहे. पण मूल ज्या दिवसांत घरी शिकते, त्या दिवसांत त्याचे गणित पक्के कसे करायचे, हा प्रश्न उरतोच. आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले आहेत.

दुसऱ्याच्या गाई

धम्मपदाच्या यमकवग्गात एक उपमा आहे. जो माणूस वचने भरपूर म्हणतो पण त्याप्रमाणे वागत नाही, तो दुसऱ्यांच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा असतो. मोजणी त्याची, दूध दुसऱ्याचे. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात भगवंतांनी याहून कडक उपमा दिली आहे. अर्थ न तपासता केलेले पाठांतर म्हणजे साप शेपटीकडून धरणे. तो उलटून धरणाऱ्यालाच डसतो.

गणितात असे डसणे रोज दिसते. पाढे पाठ असलेले मूल शाब्दिक उदाहरण आले की विचारते, "यात बेरीज करायची की गुणाकार?" कारण चिन्ह दिले तर उत्तर येते, प्रसंग दिला तर येत नाही. पुढे याच मुलाला वाटू लागते की आपल्याला गणित जमतच नाही. दहावीनंतर ते गणिताची वाटच सोडते.

याचा अर्थ पाठांतर वाईट, असा नाही. आपली बुद्धवचने लेखनात उतरण्याआधी कित्येक पिढ्या भाणक भिक्खूंनी मुखोद्गत ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. पाठांतर हे साठवण आहे. काय साठवले ते कळले असेल, तर ते कामाला येते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी समज, मग पाठांतर.

आधी हातात, शेवटी पाटीवर

आम्ही त्या मुलीला पाढे म्हणायला लावणे महिनाभर बंद केले. चिंचोक्यांचा ढीग दिला. प्रत्येक नवी गोष्ट चार पायऱ्यांनी करायची ठरवली. पहिली, वस्तू हातात घेऊन करणे. दुसरी, काय केले ते स्वतःच्या शब्दांत सांगणे. तिसरी, त्याचे चित्र काढणे. चौथी, आकड्यांत लिहिणे. शाळेत आणि घरीही आपण बहुतेक वेळा चौथ्या पायरीवरूनच सुरुवात करतो.

सात रांगा, प्रत्येकीत आठ चिंचोके. ती म्हणाली, "आठ सात वेळा." आता पाट फिरवून दुसऱ्या बाजूने पाहायला सांगितले. आठ रांगा, प्रत्येकीत सात. चिंचोके तेवढेच. आठ सत्ते आणि सात आठे सारखे का, हे कोणी सांगावे लागले नाही. त्यातून निम्मा पाढा आपोआप हलका झाला. मग विचारले, "आठ सत्ते विसरलीस तर काय करशील?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आठ पंचे चाळीस, अजून दोन रांगा, सोळा. छप्पन्न." ज्या मुलाला विसरलेले पुन्हा उभे करता येते, त्याला परीक्षेत घाम फुटत नाही.

भागाकाराचेही असेच. बारा चिंचोके तिघांत वाटले, तर प्रत्येकाला चार. बारा चिंचोक्यांचे तीन-तीनचे गट केले, तर गट चार. उत्तर एकच, पण कृती दोन वेगळ्या. दुसरी कृती समजली की अडीच लिटर दुधात अर्ध्या लिटरची मापे किती, हे मूल सरळ सांगते, पाच. पुस्तकातला "अपूर्णांक उलटा करून गुणा" हा नियम नंतर येऊ द्या. तो येईल तेव्हा मुलाकडे तो तपासायला उत्तर आधीच असेल.

एकोणतीसमधला ऊन

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती संख्यांच्या नावांची. ६३ लिहिताना आधी सहा लिहितो, पण बोलताना त्रेसष्टमध्ये आधी तीन येतो. म्हणून अनेक मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. आपण त्याला हलगर्जीपणा म्हणतो. खरे तर मूल जसे ऐकले तसेच लिहीत असते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा राज्यभर टीका आणि टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण शांतपणे सांगितले होते. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, त्यांना हा सोपा मार्ग मिळावा. वाद कोणाला पटो न पटो, घरी शिकवताना ही युक्ती कामाची आहे. आम्ही त्या मुलीला दोन्ही नावे घ्यायला सांगतो. "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन." दोन आठवड्यांत तिचे उलटे लिहिणे थांबले.

जुन्या नावांतही अर्थ भरलेला आहे, तो मुलांना उलगडून दाखवा. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस. ऊन म्हणजे कमी. तीसला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे तोच ऊन. आणि तोच ऊन पाऊणमध्येही आहे. पाद म्हणजे चतुर्थांश, पाव. पाव कमी ते पाऊण. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यायची, म्हणजे अपूर्णांकांचे पाढेच. अपूर्णांक परका विषय नाही. तो आपल्या बोलण्यात आधीपासून आहे.

नाणेघाटातला आकडा

आपल्या जुन्नर तालुक्यात दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली बहुसंख्य बौद्ध आहेत. आपण तिथे वंदनेला आणि सहलीला जातो. ती गणिताची शाळाही आहेत. तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तो बौद्ध दानाचा लेख नाही, वैदिक यज्ञांच्या दक्षिणेचा आहे. पण भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्याची गणना होते आणि तो आपल्या दारात आहे.

त्या लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. आपण पाच आकडे लिहितो. तिथे तीनच चिन्हांनी काम भागले आहे. वीस हजार, चार हजार, चारशे. दहा, शंभर, हजार यांना त्या काळी स्वतंत्र चिन्हे होती. हजाराच्या चिन्हाला चारचे चिन्ह जोडले की चार हजार. शून्याची गरजच नव्हती.

ही गोष्ट सांगून आम्ही मुलीला कागदाच्या पट्ट्या दिल्या. एकीवर २००००, दुसरीवर ४०००, तिसरीवर ४००. त्या उजवीकडची कड जुळवून एकावर एक ठेवल्या की २४४०० दिसतो. पट्ट्या सरकवल्या की आतली शून्ये पुन्हा बाहेर येतात. तिने विचारले, "मग शेवटची दोन शून्यं कशाला?" आम्ही म्हणालो, पुसून बघ. उरले २४४. "अरे, चोवीस हजारांचे दोनशेच झाले!" शून्य जागा धरून ठेवते, हे तिने स्वतः पाहिले. स्थानिक किंमत हा शब्द तिला आम्ही त्यानंतर सांगितला.

'हातचा'ही इथेच सुटतो. ४७ आणि २८ काड्या घ्या. दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. सात आणि आठ सुट्या मिळून पंधरा, त्यांतली एक नवी जुडी बांधून जुड्यांच्या ढिगात टाका. ती नवी जुडी म्हणजेच हातचा एक. तो एक नसतो, दहा असतो. वजाबाकीत जुडी सोडायची. ज्याने जुडी बांधली आणि सोडली, तो हातचा विसरत नाही.

सराव हवाच, पण कंटाळा नको

समजल्यावर सराव लागतोच. त्यासाठी वही भरून वजाबाक्या देण्यापेक्षा देवळालीच्या एका शाळामास्तरांचा खेळ द्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीत शिकवत. मोठे पद नसताना त्यांनी संख्यांशी खेळत जगाला एक शोध दिला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत शेवटी ६१७४ येतोच.

आम्ही धम्मदीक्षेचे साल घेतले, १९५६. ९६५१ मधून १५६९ गेले, ८०८२. मग ८८२० मधून ०२८८ गेले, ८५३२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. तीनच पायऱ्या. बाबासाहेबांचे जन्मसाल १८९१ घेतले, तर पाच पायऱ्या लागतात. मुलीने घरातल्या सगळ्यांची जन्मसाले काढली. एका संध्याकाळी तिने वीसेक वजाबाक्या केल्या, कोणी न सांगता. उत्तर ६१७४ आले नाही की चूक झाली हे तिला स्वतःलाच कळे. आमच्याकडे वही तपासायला आणावी लागली नाही.

गुंठा पायाखाली

क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. गुंठा केवढा, हे विचारा. आमच्यातल्याही काहींना सांगता आले नव्हते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आम्ही दोरीने मोकळ्या जागेत गुंठा आखला. मुलीला विचारले, लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली तर किती गुंठे? ती म्हणाली, अर्धा. आम्ही "चूक" म्हणालो नाही. "आखून बघ" म्हणालो. मोठ्या चौकोनात तसे चार छोटे चौकोन बसले. पाव गुंठा! हा धक्का फार मोलाचा असतो. घराच्या जागेची, वाटणीची, सातबाऱ्याची बोलणी होतात, तेव्हा आपली माणसे इथेच फसतात.

कांद्याचा भावही असाच शिकवता येतो. आपल्याकडे ओतूर, जुन्नरच्या बाजारात कांद्याचा भाव दहा किलोला बोलतात, इतर अनेक बाजारांचा भाव क्विंटलला छापून येतो. दहा किलोला १८० आणि क्विंटलला १७००, यांत चढा भाव कोणता? क्विंटलचा १७०० आकडा मोठा दिसतो, पण दहा किलोला १८० म्हणजे क्विंटलला १८००. मुलांना हे आकडे द्या. ती घरी जाऊन मोठ्यांना सांगतात.

भिक्खूंच्या चीवराचा हिशोब

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात क्षत्रप नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा दानलेख आहे. याच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यात आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० वर शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. लेखातला शब्द आहे 'पायून'. आपला पाऊण तोच. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आता हा हिशोब मुलांपुढे ठेवा आणि विचारा, हे व्याज महिन्याचे की वर्षाचे? वर्षाचे धरले तर २००० वर मिळतील २०. भिक्खू २०, प्रत्येकी १२, म्हणजे लागतात २४०. पुरत नाहीत. महिन्याचे धरले तर २० गुणिले १२ महिने, २४०. तंतोतंत. अभ्यासकही हा दर मासिकच धरतात. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब दहा वर्षांची मुलगी चिंचोक्यांनी पडताळून पाहू शकते. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, ये आणि स्वतः पाहा. गणितालाही हेच लागू आहे. गणितात मास्तरांनी सांगितले म्हणून, पुस्तकात छापले म्हणून मानायचे काही नसते. स्वतः पडताळता येते, म्हणून मानायचे.

हे सगळे झाल्यावर ती मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "आईनं पाच हजार घेतलेत. शेकडा तीननं." आम्ही काहीच बोललो नाही. तिनेच पाटी ओढली. शंभराला तीन, पाच हजारांत पन्नास शंभर, महिन्याला दीडशे. वर्षाचे अठराशे. "म्हणजे शंभराला छत्तीस?" आई दारातच उभी होती. 'फक्त तीन टक्के' असे सांगून दिलेल्या पैशाचा वर्षाचा हिशोब तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढच्या आठवड्यात आईने बचत गटात चौकशी केली.

आपण काय करू शकतो

घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना आणि मदत करणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे थोडके आहे. उत्तर बरोबर आले तरी "कशावरून?" विचारा. चुकले तरी आधी तेच विचारा, चूक मुलाला स्वतःच सापडते. उत्तर सांगायची घाई करू नका, मिनिटभर गप्प बसा. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका. आपल्याला येत नसेल तर तसे सांगा आणि बरोबर बसून शोधा. मुलाने एखादी गोष्ट लहान भावंडाला समजावून दिली, की ती त्याला समजली असे धरा. त्यानंतर पाढे खुशाल पाठ करून घ्या.

वयाने मोठ्या मुलांनीही हताश होऊ नये. दहावीला बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म भरून बसता येते. मात्र त्या परीक्षेला पाठांतराच्या जोरावर गेलेले मूल एक प्रश्न बदलला तरी अडते.

जयंतीला आपण वर्गणी काढतो, मंडप घालतो, मिरवणूक काढतो. त्याच उत्साहाने प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतले घरी बसलेले एक मूल शोधावे, आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर तासभर बसावे आणि जूनमध्ये त्याचे बोट धरून शाळेत जावे. खर्च काही नाही. मूठभर चिंचोके, थोड्या काड्या, एक दोरी.

यंदा जयंतीला खुर्च्या मांडताना त्या मुलीने लांबूनच सांगितले, "दादा, नऊ रांगा करा. बहात्तर बसतील. माणसं सत्तर सांगितलीत ना?" ती रांगेजवळ आलीच नव्हती.